मुंबई–लंडन हवाई अंतर आणि प्रवासकाल : एक विश्लेषणात्मक विवेचन

प्रस्तावना :

दोन विमानतळांची नावे दिली की त्यांच्यामधील अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारे तक्ते आज सहज उपलब्ध होतात. हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिलेले असल्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, अंतराला विमानाच्या वेगाने भागले म्हणजे प्रवासाचा वेळ मिळतो. शालेय गणितात आगगाडीच्या उदाहरणांतून शिकविले जाणारे ‘वेळ = अंतर ÷ वेग’ हे सूत्र विमानालाही जसेच्या तसे लागू केले जाते.

मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० कि.मी. आहे. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० कि.मी. धरल्यास उत्तर आठ तास येते. प्रत्यक्षात मात्र मुंबईहून लंडनला जाताना सामान्यतः नऊ ते दहा तास लागतात आणि लंडनहून मुंबईला येताना त्याहून कमी वेळ लागतो. विमान तेच, विमानतळ तेच आणि अंतरही तेच असताना जाण्या-येण्याच्या वेळांत एका तासाच्या आसपास तफावत का पडावी? तसेच अंतरात तसूभरही बदल झालेला नसताना काही वर्षी हा वेळ अचानक का वाढावा? हे प्रश्न भूगोल, भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या सर्व विषयांना स्पर्श करणारे आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात मुंबई–लंडन हा एकच मार्ग उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) दोन विमानतळांमधील ‘अंतर’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे.
२) प्रवासकाल निश्चित करणाऱ्या घटकांचा परिचय करून देणे.
३) हवाई हद्दीवरील निर्बंधांचा अंतर व वेळ यांवर होणारा परिणाम आकडेवारीने दाखविणे.

लेखातील अंतरे गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्राने, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि.मी. मानून काढली आहेत. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्यामुळे अचूक अंतरात काही कि.मी.चा फरक पडतो. परंतु येथील विवेचनास त्याने बाधा येत नाही. वेळेची उदाहरणे समजुतीसाठी सोपी गृहीतके धरून मांडली आहेत.

१. दोन विमानतळांमधील अंतर :

सर्वप्रथम हे लक्षात घेणे आवश्यक आहे की, येथे अंतर मोजले जाते ते दोन शहरांतील नव्हे, तर दोन विमानतळांतील. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरविलेला असतो व त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असतात. लंडन शहराला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. मुंबई महानगरालाही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे दुसरा विमानतळ लाभला आहे. त्यामुळे ‘मुंबई–लंडन अंतर’ असे म्हणताना कोणता विमानतळ, हे सांगणे आता अगत्याचे झाले आहे. प्रस्तुत लेखात मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (१९.०९° उत्तर, ७२.८७° पूर्व) आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ (५१.४७° उत्तर, ०.४५° पश्चिम) विचारात घेतले आहेत.

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत कमी लांबीचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र व गोलाचे केंद्र एकच असते, ते बृहद्वृत्त होय. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नाहीत. दोन स्थळांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन काढला की अंतर मिळते. त्यासाठीचे सूत्र असे : त्या कोनाचा कोसाइन हा दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन अक्षांशांचे कोसाइन व रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार, एवढा असतो. मुंबई व लंडन यांच्या रेखांशांतील फरक ७३.३२° आहे. किमती घातल्यावर पहिले पद ०.२५५८, दुसरे पद ०.१६९० आणि बेरीज ०.४२४८ येते. यावरून केंद्राशी होणारा कोन ६४.८६° मिळतो. बृहद्वृत्ताचा एक अंश म्हणजे सुमारे १११.१९ कि.मी.; म्हणून अंतर सुमारे ७,२१२ कि.मी. येते. विमानचालनात अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ कि.मी.चा असल्याने हेच अंतर सुमारे ३,८९४ सागरी मैल भरते.

भिंतीवरील नकाशामुळे या बाबतीत हमखास गैरसमज होतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर मुंबई व लंडन पट्टीने जोडल्यास जी सरळ रेषा मिळते, ती सर्वत्र एकच दिशा राखणारी रेषा असते; ती लघुतम मार्ग नसते. तिची लांबी सुमारे ७,४१० कि.मी. भरते, म्हणजेच बृहद्वृत्तापेक्षा जवळपास २०० कि.मी. अधिक. या दोन रेषा नकाशावर एकमेकींपासून बऱ्याच दूर जातात. ४५° पूर्व रेखांशावर सरळ दिसणारी रेषा सुमारे ३३° उत्तर अक्षांशावर, म्हणजे बगदादच्या आसपास असते. तर खरा लघुतम मार्ग त्याच रेखांशावर सुमारे ४१° उत्तर अक्षांशावर, म्हणजे कॉकेशस प्रदेशात असतो. नकाशावर ‘वळसा’ वाटणारी वक्र रेषाच वास्तविक जवळची असते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या तत्काळ ध्यानात येते.

हा लघुतम मार्ग कोणत्या देशांवरून जातो, हे पाहणे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुंबईहून वायव्येस निघालेली ही रेषा अरबी समुद्र व सौराष्ट्र ओलांडून पाकिस्तानात प्रवेश करते. पुढे ती पूर्व व उत्तर इराण, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य भाग, कॉकेशस प्रदेश, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, झेक प्रजासत्ताक आणि जर्मनी असा प्रवास करीत लंडनला पोहोचते. ही नावे वाचताच जाणकार वाचकाच्या लक्षात येईल की, भूमितीने दाखविलेला हा मार्ग गेल्या काही वर्षांत विमानांसाठी जवळजवळ अनुपलब्ध झालेल्या प्रदेशांतून जातो.

२. विमानाचा वेग आणि वाऱ्याचा परिणाम :

विमानाचा वेग हा सभोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो. दूर पल्ल्याची आधुनिक विमाने साधारणतः ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट, म्हणजे मॅक ०.८५ च्या आसपास उडतात. सुमारे ११ कि.मी. उंचीवर प्रमाण वातावरणाचे तापमान उणे ५६.५° सेल्सिअस असते व तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ कि.मी. इतका कमी झालेला असतो. त्यामुळे मॅक ०.८५ म्हणजे ताशी सुमारे ९०० कि.मी. ठरतो. परंतु ज्या हवेतून विमान जाते, ती हवा स्वतः स्थिर नसते. जमिनीच्या संदर्भातील वेग हा विमानाचा हवेतील वेग आणि वाऱ्याचा वेग यांच्या सदिश बेरजेइतका असतो व प्रवासाचा वेळ या वेगावर अवलंबून असतो.

मध्य अक्षवृत्तांत तपांबराच्या वरच्या सीमेजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे आढळतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण व थंड हवेच्या तापमानांतील फरकामुळे ते निर्माण होतात. हिवाळ्यात हा फरक वाढत असल्याने त्यांचा जोरही वाढतो व काही वेळा त्यांचा वेग ताशी २०० कि.मी.च्या पुढे जातो. लंडनकडे जाणाऱ्या विमानाला हे वारे बहुतांशी समोरून भेटतात. मुंबईकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून साहाय्य करतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्यक्ष उड्डाणमार्ग ७,५०० कि.मी., विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० कि.मी. आणि वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ६० कि.मी. आहे असे मानू. लंडनकडे जाताना जमिनीच्या संदर्भातील वेग ताशी ८४० कि.मी. होऊन ८ तास ५६ मिनिटे लागतील. येताना तो ताशी ९६० कि.मी. होऊन ७ तास ४९ मिनिटे पुरतील. म्हणजेच केवळ वाऱ्यामुळे ६७ मिनिटांचा फरक पडला. जाताना गमावलेला वेळ येताना पूर्णपणे भरून निघतो, असे मात्र नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून १६ तास ४० मिनिटे लागली असती. वाऱ्यासह ती बेरीज सुमारे १६ तास ४५ मिनिटे होते. विमान समोरच्या वाऱ्यात अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ, हे त्याचे कारण होय.

या संदर्भात विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाच्या दिशेने लंडन स्वतःच का सरकत येत नाही? उड्डाणापूर्वी विमान आणि त्याभोवतीची हवा ही दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात व हवेत गेल्यावरही ती गती नाहीशी होत नाही. म्हणून पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवासाच्या वेळेत थेट बचत किंवा वाढ होत नाही. परिवलनाचा परिणाम होतो तो अप्रत्यक्ष, म्हणजे वाऱ्यांना दिशा देण्याच्या रूपाने.

सर्वांत कमी अंतराचा मार्ग हा सर्वांत कमी वेळेचा मार्ग असतोच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. याचे भारतीय उदाहरण म्हणजे एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ही सेवा अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आली. नवा मार्ग सुमारे १,४०० कि.मी.ने लांब होता. तथापि पाठीमागून मिळणाऱ्या वाऱ्यामुळे तो प्रवास आधीपेक्षा लवकर पूर्ण झाला. वैमानिकांसाठी मार्ग आखणारे तज्ज्ञ रोजच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊनच त्या दिवसाचा मार्ग ठरवितात. त्यामुळे मुंबई–लंडन विमान सोमवारी ज्या रेषेने गेले, त्याच रेषेने ते मंगळवारीही जाईल असे नसते.

३. जमिनीवरील वेळ आणि घड्याळातील वेळ :

वेळापत्रकात छापलेला कालावधी हा केवळ हवेत घालविलेला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. विमान मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यानंतर पुन्हा जागेपर्यंत येणे या सर्व क्रिया त्यात समाविष्ट असतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत, परंतु तेथील वाहतूक इतकी दाट असते की येणाऱ्या विमानांना अनेकदा ठरवून दिलेल्या चार क्षेत्रांपैकी एकात घिरट्या घालीत थांबावे लागते. या दिरंगाईची तरतूद कंपन्या वेळापत्रकातच करून ठेवतात. वरील उदाहरणातील वेळांत अशा कामांची ४० मिनिटे मिळविल्यास जाण्याचा कालावधी सुमारे ९ तास ३५ मिनिटे व येण्याचा सुमारे साडेआठ तास होतो. प्रस्तावनेत सांगितलेला आठ तासांचा हिशेब आणि वेळापत्रक यांतील तफावतीचा उलगडा येथे बऱ्याच अंशी होतो.

तिकिटावरील वेळा वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. सुटण्याची वेळ ही सुटण्याच्या ठिकाणची व पोहोचण्याची वेळ ही पोहोचण्याच्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशावर आधारलेली असून ती जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. परिणामी हिवाळ्यात दोन्ही ठिकाणच्या वेळांत साडेपाच तासांचा, तर उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक राहतो. समजा, जून महिन्यात एखादे विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटून लंडनला सायंकाळी ६ वाजता पोहोचले, तर घड्याळे पाच तासच दाखवितात. प्रत्यक्ष प्रवास मात्र साडेनऊ तासांचा झालेला असतो. उलट जानेवारीत लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आले, तर घड्याळांत साडेचौदा तास दिसतात. प्रवास झालेला असतो नऊ तासांचा.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

या मार्गाच्या इतिहासाकडे पाहिल्यास वेळ हा तंत्रज्ञानानुसार कसा बदलत गेला, हे दिसून येते. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत आणि त्यातील बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने पार करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. त्यामुळे मुंबई या साखळीशी जोडली गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला रवाना झाले. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने या मार्गावर आली.

सात दिवसांपासून काही तासांपर्यंतचा हा प्रवास अवघ्या तीन दशकांत घडला. मात्र त्यानंतर वेगात विशेष वाढ झालेली नाही. १९६० ची जेट विमाने आजच्या विमानांपेक्षा संथ नव्हती. ध्वनीच्या वेगाच्या जवळ गेल्यावर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो व इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. म्हणून नंतरच्या काळातील सुधारणा इंधनाची बचत, दूरचा पल्ला व सुरक्षितता या दिशांनी झाल्या. वाटेतील थांबे टळल्याने एकूण वेळ घटला. हवेतील वेग जवळपास तेवढाच राहिला. वेग वाढविण्याचा मार्ग बंद असल्यामुळेच आता प्रत्येक कि.मी.च्या वळशाची किंमत थेट वेळेत मोजावी लागते.

५. हवाई हद्द : वळशांचे गणित

७ डिसेंबर १९४४ रोजी स्वाक्षरी झालेल्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूप्रदेशावरील हवाई हद्दीवर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. याचा अर्थ असा की, भूमितीने दाखविलेला लघुतम मार्ग हा वाटेतील राष्ट्रांनी परवानगी दिली तरच उपलब्ध होतो.

भारतीय उपखंडाला या गोष्टीचा अनुभव जुना आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ या भारतीय विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला नेण्यात आले व नंतर जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. परिणामी पश्चिम व पूर्व पाकिस्तानमधील विमानांना श्रीलंकेमार्गे मोठा वळसा घालावा लागला. हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंतही गेला होता. २०१९ मध्ये पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून आपली हद्द बंद केली व ती १६ जुलै रोजी पूर्णपणे खुली झाली. या काळात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याची माहिती जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत देण्यात आली. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा हद्द बंद केली. भारतानेही काही दिवसांतच पाकिस्तानी विमानांबाबत तसाच निर्णय घेतला. या बंदीला दोन्ही बाजूंनी पुढे वारंवार मुदतवाढ देण्यात आली.

मार्गाच्या पुढच्या टप्प्यावरही अशाच अडचणी उद्भवल्या. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. ते विमान ३३,००० फूट उंचीवरून, त्या वेळी वाहतुकीस खुल्या असलेल्या मार्गाने जात होते. जवळचा व खुला मार्ग हा सुरक्षित मार्ग असतोच असे नाही, हे या घटनेने अत्यंत क्लेशदायक रीतीने सिद्ध केले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू होताच युक्रेनने आपली संपूर्ण हवाई हद्द नागरी विमानांसाठी बंद केली. जून २०२५ मधील संघर्षात इराणची हद्दही काही काळ बंद राहिली.

या निर्बंधांचा परिणाम सर्व शहरांवर सारखा होत नाही. दिल्ली व मुंबई यांच्या तुलनेने हे स्पष्ट होते. पाकिस्तानची हद्द टाळून अरबी समुद्रावरून मस्कतपर्यंत व तेथून बृहद्वृत्ताने लंडनला जायचे, असे मानल्यास अंतरे पुढीलप्रमाणे येतात. दिल्लीचे विमान द्वारकेमार्गे समुद्रावर आणावे लागेल, असे येथे गृहीत धरले आहे.

मुंबई–लंडन : थेट ७,२१२ कि.मी.; मस्कतमार्गे सुमारे ७,४२० कि.मी.; वाढ सुमारे २१० कि.मी. (३ टक्के).
दिल्ली–लंडन : थेट ६,७३१ कि.मी.; द्वारका व मस्कतमार्गे सुमारे ८,०१० कि.मी.; वाढ सुमारे १,२८० कि.मी. (१९ टक्के).

भूमितीनुसार दिल्ली ही मुंबईपेक्षा लंडनला सुमारे ४८० कि.मी.ने जवळ आहे. परंतु एक हद्द बंद होताच हा क्रम उलटतो आणि मुंबई जवळपास ६०० कि.मी.ने जवळची ठरते. समोरच्या वाऱ्यातील ताशी ८४० कि.मी. या वेगाने हिशेब केल्यास मुंबईच्या विमानाला सुमारे १५ मिनिटे, तर दिल्लीच्या विमानाला सुमारे दीड तास अधिक लागतो. इराण व युक्रेन याही हद्दी टाळावयाच्या झाल्यास दोन्ही आकडे आणखी वाढतात. म्हणून वरील अंतरे किमान अंतरे समजावीत.

वाढलेल्या वेळेचा भार अनेकांवर पडतो. बोइंग ७८७ वर्गातील विमान तासाला सुमारे पाच टन इंधन जाळते. एक किलो विमान-इंधन जळाल्यावर सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडला जातो. म्हणजे एका तासाच्या वळशामुळे सुमारे १६ टन कार्बन डायऑक्साइडची भर पडते. जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते व तेवढ्या वजनाइतके प्रवासी किंवा माल कमी न्यावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर नियमांनुसार मर्यादा असल्याने लांबलेल्या फेरीसाठी अधिक कर्मचारी लागतात. २०२५ मध्ये भारत व उत्तर अमेरिका यांमधील काही विमानांना वाटेत युरोपात उतरून इंधन घ्यावे लागले, ते याच कारणामुळे. अखेरीस हा खर्च तिकिटाच्या दरात उतरतो व तो शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला किंवा मुलांच्या भेटीस निघालेल्या वृद्ध आईवडिलांना सोसावा लागतो. याशिवाय बंदी ज्या देशाच्या विमानांवर असते, त्यांनाच वळसा घ्यावा लागतो. त्याच मार्गावरील इतर देशांच्या कंपन्या जवळच्या वाटेने जाऊ शकतात. त्यामुळे स्पर्धेचे स्वरूपही बदलते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्तता :

हे उदाहरण वर्गात अनेक विषयांसाठी वापरता येण्याजोगे आहे. गणिताच्या अध्यापकास गोलीय त्रिकोणमिती व सदिश बेरीज, भूगोलाच्या अध्यापकास नकाशाप्रक्षेपणे, प्रमाणवेळ व जेट प्रवाह, अर्थशास्त्राच्या अध्यापकास वाहतूकखर्च, तर राज्यशास्त्राच्या अध्यापकास सार्वभौमत्वाची संकल्पना यातून शिकविता येईल. साधने फारशी लागत नाहीत. पृथ्वीगोल, दोरा, नकाशासंग्रह आणि विमानांचे एखादे वेळापत्रक एवढे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांनी दोऱ्याने मोजलेले अंतर, सूत्राने काढलेले अंतर आणि वेळापत्रकातील कालावधी यांची तुलना करावी व तफावतीची कारणे शोधावीत, असा प्रकल्प पदवी स्तरावर सहज देता येईल.

निष्कर्ष :

१) दोन विमानतळांमधील अंतर ही भूमितीने निश्चित होणारी, एकच व स्थिर संख्या आहे. मुंबई–लंडनसाठी ती सुमारे ७,२०० कि.मी. आहे.
२) प्रवासकाल ही तशी संख्या नाही. तो वारा, दिशा, ऋतू, विमानतळावरील गर्दी आणि प्रत्यक्ष उपलब्ध मार्ग यांवर अवलंबून असतो.
३) जेट युगाच्या प्रारंभापासून विमानाचा वेग जवळपास स्थिरावला असल्याने अलीकडील काळात या मार्गावरील प्रवासकालात झालेली वाढ मुख्यतः हवाई हद्दीवरील निर्बंधांमुळे आहे.
४) अशा निर्बंधांमुळे शहरांचा जवळ-दूरपणाही बदलू शकतो. दिल्ली व मुंबई यांची तुलना हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

तक्त्यात दिलेला वेळ कोणत्या वर्षीचा, कोणत्या दिशेचा व कोणत्या मार्गाचा आहे, हे विचारल्याशिवाय तो स्वीकारू नये, हा या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ होय. पृथ्वीच्या आकाराने ठरविलेले अंतर कोणालाही कमी करता येणार नाही. परंतु बंद हद्दींमुळे त्यात पडलेली भर ही मानवी निर्णयांतून आलेली आहे आणि म्हणूनच ती मानवी निर्णयांनीच दूर होऊ शकते.